हळदीकुंकवाचे सिलिंडर हेड

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५, सकाळी आठ वाजून पाच मिनिटे. दसऱ्याची सुट्टी संपवून मी चिखलीतील माझ्या गॅरेजचे शटर वर केले आणि कामाच्या टेबलाकडे पाहिले. झेंडूची माळ होती, उदबत्तीची राख होती, नारळाची सुकू लागलेली वाटी होती. ज्या वस्तूसाठी ही पूजा मांडली होती, ती वस्तू मात्र नव्हती. चौदा वर्षे जुन्या, एक लिटर इंजिनाच्या एका छोट्या गाडीचे सिलिंडर हेड टेबलावरून नाहीसे झाले होते.

इंजिनाचा खालचा भाग पातेले मानला, तर हेड म्हणजे त्याचे झाकण. पण हे झाकण नुसते झाकत नाही. हवा आणि पेट्रोल आत येते ते याच्यातून, जळालेला वायू बाहेर जातो तो याच्यातून, ठिणगी पडते तीही याच्यातच. झाकण वाकडे असेल तर वाफ जशी कडेने निसटते, तशीच इंजिनाची ताकद निसटते. हे हेड वाकडे होते. त्याला सरळ करण्यासाठी भोसरीच्या युनूसभाईंच्या मशीनचा एक दिवस आणि त्यातील हवेच्या वाटा हाताने घासून गुळगुळीत करण्यासाठी माझे दोन दिवस खर्ची पडले होते. आणि येत्या मंगळवारी त्या गाडीत बसून चौघीजणी वाहन परवान्याची परीक्षा देणार होत्या. त्या चौघींच्या निकालावर तळेगावातील एका ड्रायव्हिंग स्कूलचे पुढे चालणे किंवा बंद होणे ठरणार होते.

हेड कुठे गेले, हे सांगण्याआधी ही गाडी माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवे.

माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. चाकणच्या एका इंजिन कंपनीच्या चाचणी विभागात मी काही वर्षे काम केले. तेथे काचेआड नवीकोरी इंजिने धावत आणि आम्ही त्यांच्यातून अर्धा टक्का काटकसर शोधत असू. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून घरी जाताना मला खिडकीतून दिसे ते वेगळेच: धूर सोडणाऱ्या, चढावर धापा टाकणाऱ्या, पण मालकांना प्राणप्रिय असलेल्या जुन्या छोट्या गाड्या. अर्ध्या टक्क्यासाठी आम्ही महिने घालवत होतो आणि या गाड्यांची पाव ताकद कोणी न विचारता वाया जात होती. मला हा हिशेब पटला नाही. भोसरीपासून तळेगावपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या गाडीचे इंजिन मोजून, कमी खर्चात सुधारून देणारे पहिले नाव आपले असावे, असे मी ठरवले. ही महत्त्वाकांक्षा मी कधी लपवली नाही. नम्रतेने इंजिन सुधारत नाही.

माझ्या पद्धतीत जादू नाही. आधी इंजिनाने जे गमावले आहे ते परत मिळवायचे: गळणारे व्हॉल्व्ह, झिजलेले प्लग, कचरा साचलेले इंजेक्टर, वाकलेले हेड. बहुतेक गाड्यांचे काम येथेच संपते. त्यानंतर परवडले तर थोडी भर घालायची, आणि तीही त्याच घराण्यातील इंजिनांच्या मूळ भागांतून. इंजिनाची क्षमता बदलायची नाही, नोंदणीच्या पुस्तकातील एकही अक्षर खोटे ठरेल असे काही करायचे नाही. आणि काम करण्याआधी व नंतर मोजायचे. मोजले नाही तर सुधारणा झाली की फक्त बिल झाले, हे कळत नाही.

गिऱ्हाइकांना मात्र मोजणे नको असते, त्यांना 'पिकअप' हवा असतो. पिंपरी कॅम्पातील एक कापड दुकानदार तरुण आला आणि म्हणाला, "पिकअप वाढवून द्या."

मी विचारले, "किती? कितीवरून कितीवर?"

"म्हणजे जाणवला पाहिजे राव!" मग माझ्याकडे नीट पाहून त्याने दुरुस्ती केली, "राव मॅडम!"

देहूरोडचे एक निवृत्त गृहस्थ आले, त्यांची अट उलटी होती. मायलेज वाढवा, पण इंजिनाचा आवाज बदलता कामा नये. कारण विचारले तर म्हणाले, "गाडी कोपऱ्यावर आली की मंडळी आवाजावरून चहा ठेवतात. आवाज बदलला तर चहा बुडेल." मी त्यांच्या गाडीचा आवाज आधी ध्वनिमुद्रित केला आणि काम झाल्यावर तो जुळवून दाखवला. डोळे मिटून दोन्ही आवाज ऐकून ते म्हणाले, "चालेल. चहा मिळेल." ही माझ्या कामाची मला मिळालेली सर्वांत नेमकी पावती आहे.

आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मेकॅनिक कुठे आहेत?" त्यावर माझे सहकारी शेळकेकाका टेबलामागून हात वर करतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. काका इंदोरी गावचे. पट्ट्यातील एका मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस होते. तयार होऊन आलेला प्रत्येक भाग पास की नापास, हे ठरवण्यात त्यांची सारी हयात गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते माझ्याकडे आले. त्यांचा हात जपून चालतो, नजर चुकत नाही. निदान खंडेनवमीपर्यंत तरी माझे तसे मत होते.

मंगलताई सप्टेंबरात आल्या. मूळच्या परभणीकडच्या, लग्नानंतर तळेगावात आलेल्या. स्वतः गाडी शिकल्या, परवाना काढला, प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवले आणि फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढले. त्यांच्या शिष्या म्हणजे चाकण-तळेगावच्या कंपन्यांमधील ऑपरेटर मुली, परिचारिका, शिक्षिका. गाडी एकच, शेजारच्या सीटपुढेही ब्रेक-क्लच बसवलेली.

"ताई, गाडी तशी चांगली हाय," त्या म्हणाल्या, "पण चढाला जीव सोडायलीय. परीक्षेत चढावर थांबवतात आन मग पुढं घ्या म्हणतात. माझ्या पोरी तिथंच नापास व्हायल्यात. आता बाकीच्या म्हणायल्यात, हिच्याकडं शिकलं की लायसन मिळत न्हाई."

"तुमच्या हाताखाली बंद पडते का?"

"माझ्या हाताखाली कशाला पडंल? माझा पाय तिला ओळखतो की."

नेमके येथे माझे कुतूहल जागे झाले. इंजिनाचा दोष अनुभवी चालक पायाने झाकतो. थोडे जास्त पेट्रोल देतो, क्लच थोडा जपून सोडतो, आणि गाडी चांगली आहे असे स्वतःलाच सांगतो. म्हणून ही गाडी मोजायची तर मंगलताईंना बाजूला बसवायला हवे होते. मी म्हटले, "तुमची सर्वांत जास्त चुकणारी विद्यार्थिनी मला द्या."

त्यांनी रेश्माला आणले. चाकणच्या वायरिंगच्या कारखान्यात काम करणारी, दोनदा नापास झालेली, बोलकी मुलगी. मी मागच्या सीटवर बसले तेव्हा तिने आरशातून मला सांगितले, "मॅडम, मी नापास होण्यात एकदम पास आहे. काही टेन्शन घेऊ नका."

स्टिअरिंगखालच्या जोडणीत मी काडेपेटीएवढे एक यंत्र बसवले. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, याची ते क्षणाक्षणाला नोंद ठेवते. तळेगाव स्टेशनजवळच्या पुलाच्या चढावर आम्ही तिघी बसून गाडी थांबवायची, पुन्हा उचलायची, असे करत राहिलो. रेश्मा क्लच घाईने सोडे, फेरे धाडकन खाली येत आणि इंजिन आचका देऊन बंद पडे. संध्याकाळी नोंदी पडद्यावर मांडल्या तेव्हा चित्र स्वच्छ होते. हे इंजिन उभ्या जागी साधारण साडेआठशे फेऱ्यांवर धडधडत असे. आणि चढावर ते आठशेच्या खाली उतरले की परत वर येत नसे. एकदाही नाही.

याचा अर्थ चुकीला जागाच नव्हती. नवशिक्या माणसाच्या पायाची चूक आणि इंजिनाचा मृत्यू यांच्यामध्ये फक्त पन्नास फेऱ्यांचे अंतर होते. रेश्मा नापास होत नव्हती. इंजिन नापास होत होते आणि शिक्का तिच्यावर बसत होता.

तेव्हा मी कामाचे उद्दिष्ट ठरवले. या गाडीला वेग नको होता, आवाज नको होता, कापड दुकानदाराचा पिकअप तर मुळीच नको होता. तिला हवी होती अगदी खालच्या फेऱ्यांवरची ओढ. शिकवणीच्या गाडीचे इंजिन चूक पोटात घालणारे असले पाहिजे.

तपासणीत दोन सिलिंडरांचा दाब बराच कमी निघाला. व्हॉल्व्ह गळत होते आणि कधीकाळी गाडी तापल्यामुळे हेड वाकले होते. मी हेड उतरवले. मंगलताईंनी तोवर परीक्षेची तारीख मिळवली होती: मंगळवार, ७ ऑक्टोबर. रेश्माचा शिकाऊ परवाना त्याच आठवड्यात संपत होता. मंगलताई म्हणाल्या, "ताई, मी घरी बोलून ठेवलंय. चौघी पास झाल्या तर चालवायचं. ह्या बारीलाबी चढावर बसल्या, तर बोर्ड उतरवून टाकते. लोकांच्या पोरींची उमेद मोडायचा धंदा मला करायचा न्हाई."

खंडेनवमीला, म्हणजे १ ऑक्टोबरला, आमच्या पट्ट्यात प्रत्येक शेडमध्ये यंत्रांची आणि हत्यारांची पूजा होते. त्या सकाळी युनूसभाईंकडून आलेले हेड मी टेबलावर ठेवले होते. मंगलताई नारळ घेऊन आल्या. आपल्या गाडीचा जीव या तुकड्यात आहे असे मी त्यांना समजावले होते, म्हणून त्यांनी पाना-पक्कडींबरोबर त्यालाही ओवाळले आणि त्यावर आधी हळदीचे, मग त्यावर कुंकवाचे ठसठशीत बोट लावले. आम्ही पेढे खाल्ले आणि मी त्यांना तळेगावला सोडायला गेले. काका शेतावरची पूजा आटोपून दुपारी गॅरेजवर आले. मी त्या दिवशी गॅरेजवर परतलेच नाही. सणाआधीची झाडलोट म्हणून मी भंगारवाल्याला त्याच दुपारी बोलावले होते, हे त्यांना ठाऊक होते.

आता शुक्रवारी सकाळकडे परत येते. काका सव्वाआठला आले. मी विचारले, "काका, टेबलावरचं हेड कुठे आहे?"

"ते व्हय? ते मीच दिलं भंगारात. लाल व्हतं ते."

"लाल?"

"लाल म्हंजी रिजेक्ट," काकांनी मला नवशिक्याला सांगावे तसे सांगितले. "आन खाली पिवळं बी व्हतं. पिवळं म्हंजी रिवर्क. पिवळ्यावं लाल, म्हंजी दुरुस्त करून बी नापास झालेला पीस. आसला पीस टेबलावं ठिवायचा न्हाई म्याडम, चुकून गाडीत बसतो. म्हनून मीच उचलला."

कारखान्यात काम न केलेल्यांसाठी सांगते: काकांचे शास्त्र बिनचूक होते. हिरवा ठिपका म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे बाद. हे रंग या पट्ट्यात रस्त्यावरच्या सिग्नलपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळले जातात. एकतीस वर्षे ज्या हाताने लाल ठिपक्याचा तुकडा बाहेर काढला, त्या हाताने तो पुन्हा काढला होता. तर्काच्या एकाही पायरीवर मला चूक सापडेना.

"काका," मी म्हटले, "ते हळदकुंकू होतं."

काका टेबलाकडे गेले. माळ पाहिली, राख पाहिली. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसले. 

तेवढ्यात गाडी कुठवर आली हे पाहायला मंगलताई आल्या. मी शब्द जुळवत होते, पण काकांनी मला बोलू दिले नाही. "ताई, मीच सांगतो. तुमचं कुंकू मी रिजेक्शन समजलो. तुमचं हेड भंगारात दिलं मी."

मंगलताईंनी टेबलावरच्या माळेकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, "काका, एवढ्या वर्षांत तुमच्या कंपनीत कधी पूजा झाली न्हाई का?"

"दर सालाला व्हायची की. पर मशिनीची व्हायची. पिसाची पूजा कोन करतंय?"

मला हसू आले. मंगलताई हसल्या नाहीत. "मंगळवारी गाडी न्हाई, तर पोरींना दुसऱ्या गाडीत बसवू का? त्यांचा पाय ह्याच क्लचवर बसलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जाऊ द्या. बोर्ड तसाबी जुनाच झालाय."

"बोर्ड मंगळवारच्या आधी उतरवायचा नाही," मी म्हटले. "तुमचीच अट आहे."

काकांना स्कूटरवर मागे बसवून मी मोशीच्या बाजूला भंगारवाल्याच्या गोदामात गेले. भंगारवाला चहा पीत होता. आम्ही काय शोधतो आहोत हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, ॲल्युमिनियम आलं की आम्ही पयलं फोडतो. लोखंड वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. परवाच फोडलं असेल." ढिगाच्या कडेला आमचे हेड तीन तुकड्यांत सापडले. एका तुकड्यावर हळदकुंकू तसेच होते. मी घासून आरशासारखी केलेली हवेची वाट मधोमध दुभंगली होती. या कामात मी हाताने केलेली सर्वांत सुबक गोष्ट ती होती. तिच्यातून हवा घेऊन इंजिन कधी धावले नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

काका तुकड्याकडे पाहत उभे राहिले. "पोरी," ते म्हणाले. गॅरेजमध्ये ते मला म्याडम म्हणतात. पोरी म्हणण्याची ही पहिली वेळ होती. "मला उद्यापासनं यायला सांगू नको. नजर गेली माझी."

"नजर शाबूत आहे. म्हणूनच आत चला," मी म्हटले. "आपल्याला दुसरं हेड शोधायचंय."

हे मी नुसते धीर देण्यासाठी म्हटले नव्हते. या इंजिनाच्या घराण्यात पुढे एक नवी आवृत्ती आली होती. खालचा भाग तोच, हेड मात्र वेगळे: हवेच्या वाटा अरुंद आणि आतली पोकळी किंचित लहान. मायलेजसाठी बनवलेले हे हेड. पिकअपवाल्यांना ते आवडत नाही, कारण त्यांना वाट रुंद हवी असते. पण नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जसे जोरात जाते, तसेच अरुंद वाटेतून हवा कमी फेऱ्यांवरही वेगाने आत शिरते, पेट्रोलमध्ये चांगली मिसळते आणि खालची ओढ वाढते. शिकवणीच्या गाडीला हवे ते नेमके हेच. मी सप्टेंबरात ते शोधले होते, पण मिळाले नव्हते म्हणून जुन्यावरच मेहनत घेतली होती. आता ज्या जागी उभी होते, तिथे पिंपरी-चिंचवडच्या अर्ध्या अपघातग्रस्त गाड्या येऊन पडत असत.

भर उन्हात आम्ही ढीग उपसले. सापडली ती हेडे बहुतेक तडकलेली किंवा दुसऱ्याच घराण्यातील होती. दुपारी मागून धडक बसलेल्या एका गाडीच्या सांगाड्यात, इंजिनावर जसेच्या तसे बसलेले, मला हवे ते हेड दिसले. भंगारवाल्याने फोडलेल्या हेडच्या मोबदल्यात ते दिले आणि वर थोडे पैसे घेतले; त्याच्यावर माझा राग नाही.

ओळखीचे हेड म्हणजे चांगले हेड नव्हे. गॅरेजवर आणून आम्ही ते साफ केले. तडे शोधण्यासाठी एक लाल द्रव लावून पुसतात आणि वरून पांढरी भुकटी फवारतात; तडा असेल तर त्यातून लाल रेघ उमटते. मी लाल द्रवाची बाटली काढली तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिले.

"ह्यो लाल कशाचा, ते आदीच सांग."

"तपासणीचा आहे, काका. तुम्हीच करा."

त्यांनी भिंग घेऊन एकेक कोपरा पाहिला. लाल रेघ कुठेही उमटली नाही. मग मी पोकळी मोजली. हेड उलटे ठेवून त्यावर भोकाची पारदर्शक पट्टी बसवायची आणि औषधाच्या दुकानातील साध्या सिरिंजने रंगीत रॉकेल थेंबाथेंबाने आत सोडायचे. किती मिलिलिटर मावले, तेवढी पोकळी. जुन्या हेडपेक्षा प्रत्येक सिलिंडरमागे दोन मिलिलिटर कमी भरले. कागदावर गणित केले: मिश्रण पूर्वी नवव्या हिश्शापर्यंत दाबले जाई, आता साडेनवव्या हिश्शाच्या थोडे पुढे जाणार होते. साध्या पेट्रोलवर हे चालते. त्याहून जास्त दाबले तर मिश्रण ठिणगीआधीच पेटते आणि इंजिन आतून हातोडा मारल्यासारखे वाजते.

फक्त पृष्ठभाग सपाट करून घ्यायचा राहिला होता. शनिवारी मी युनूसभाईंना फोन केला. "बेटा, उद्या इतवार," ते म्हणाले. "कारीगर सुट्टीवर." मग कशासाठी हवे आहे ते ऐकले आणि म्हणाले, "आमच्या सूनबाईनं पण तिसऱ्या बारीला लायसन काढलं. घेऊन ये. मशीन मी चालवतो."

रविवारी मशीनवर हेड चढवून त्यांनी नाममात्र थर काढला आणि मला मोठ्या मनाने विचारले, "अजून एक थर काढू? पिकअप वाढेल."

"नको, युनूसभाई. एवढंच पुरे."

"लोक माझ्याकडं जादा मागायला येतात. तू पहिलीच, जी कमी मागते."

सोमवारी दुपारपर्यंत हेड चढले. व्हॉल्व्ह नवे बसवले होते, बोल्ट नवे होते, आणि ते ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ताणावर काकांनी आवळले. प्रत्येक बोल्टाला ते पुटपुटत मोजत होते. इंजिन सुरू झाले तेव्हा दाब मोजला. चारही सिलिंडर एकाच पातळीवर होते. धूर तपासला, तोही मर्यादेच्या बराच आत. माझ्या कामात आनंदाचे क्षण असे असतात. त्यांना टाळ्या वाजत नाहीत, काटे एका रेषेत येतात.

मंगलताई आल्या. बॉनेट उघडे होते. पर्समधून कुंकवाची डबी काढून त्या थबकल्या. "काका, लावू का?"

"थांबा जरा," काका म्हणाले. त्यांनी फडताळातून हिरव्या रंगाची बाटली काढली, हेडच्या कोपऱ्यावर एक नेटका ठिपका दिला, तो वाळेपर्यंत फुंकर घातली. "आता लावा. आता ब्रह्मदेव आला तरी हे भंगारात जात न्हाई."

मंगलताई चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

उजेड होता तोवर आम्ही पुलाच्या चढावर गेलो. पुन्हा रेश्मा चालवायला, पुन्हा मी मागे. तिला मी सांगितले, चुकायचेच आहे असे समजून चालव. क्लच घाईने सोडल्यावर फेरे सातशेवर आले आणि इंजिन परत उठले. साडेसहाशेवर आले, उठले. एकदा सहाशेदहापर्यंत गेले. सगळी गाडी थरथरली आणि मग ओढ घेत वर चढली. रेश्मा ओरडली, "अगं बाई, जिवंत आहे!" त्याच्याही खाली ते गेले तर काय होईल, याची नोंद माझ्याकडे नव्हती.

मंगळवारी परीक्षेच्या मैदानात कठड्याबाहेर मंगलताई, काका आणि मी उभे होतो. यंत्र मी गाडीतून काढले नव्हते. पहिल्या तिघी चढावर थांबल्या, निघाल्या, उतरल्या. शेवटी रेश्मा. परीक्षक शेजारी बसले. चढाच्या मधोमध गाडी थांबली.

मंगलताईंचा डावा पाय जमिनीवर दाबला जात होता, जणू तिथे क्लच होता. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

गाडी सुटली आणि त्याच क्षणी आम्हाला कळले की रेश्माने क्लच घाईने सोडला आहे, कालच्यापेक्षाही घाईने. गाडीने नाक खाली घातले. इंजिनाचा आवाज खोल गेला, तुटक झाला, एकेक ठोका वेगळा मोजता यावा इतका मंद झाला. मंगलताई म्हणाल्या, "गेली." गाडी चढावर जागच्या जागी हादरत राहिली. मग आवाज भरत गेला, नाक वर आले, आणि ती छोटी पांढरी गाडी चढ चढून पलीकडे उतरली.

चौघी पास झाल्या. रेश्माने परीक्षकांना काय सांगितले ते मला नंतर कळले: "सर, गाडी माझ्यापेक्षा हुशार आहे." मंगलताईंचा बोर्ड आजही तळेगावात आहे; त्यांनी तो फक्त रंगवून घेतला. फुटलेल्या हेडचा कुंकू लागलेला तुकडा माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेला असतो, आणि काका रोज त्याच्याकडे पाठ करून बसतात.

त्या दुपारी घरी आल्यावर मी यंत्रातील नोंदी उतरवल्या. चढावरचा तो क्षण शोधला. रेघ साडेआठशेवरून खाली येते, आठशे ओलांडते, जिथे जुने इंजिन मरत असे. कालचे सहाशेदहाही ओलांडते, आणि मग वळून वर जाते. तिच्या तळाच्या टोकाशी मी माझी या गाडीची शेवटची नोंद केली: ५४०.